गट नंबर एकशे सतरा

माघ उतरणीला लागलेला.
नागपूरहून सकाळची पहिली एसटी
खापरखेड्याची राख ओलांडून
कन्हानच्या अलीकडे सोडून गेली मला.
कानटोपी काढावी की राहू द्यावी, अशी हवा.
पळसाला अजून काळ्या कळ्याच.

कौसाबाई भोयर धुऱ्यावर उभ्या होत्या आधीच,
पायात मुलाचे जुने बूट, नाड्यांविना,
हातात एक तुराटी.
"या जी साहेब. यंदा लवकर आले.
पंधरा दिवस थांबले असते
तर अजून थोडं कमीच मोजा लागलं असतं."

साहेब मी सहा वर्षांपूर्वी होतो.
भूमापनाची साखळी खात्यात जमा केली, सही केली,
आणि दुसऱ्या माघात शिंप्याच्या दुकानातून
स्वतःच्या पैशानं फीत घेतली.
कुणी पाठवत नाही मला. कौसाबाईही बोलावत नाहीत.
फक्त चहा दोन कपांचा टाकून ठेवतात.

कडेकडेनं चालतो आम्ही.
डावीकडे ओंबीला आलेला गहू, जवसाचा निळा पट्टा,
हरभऱ्याची आंब बुटांवर चढत जाणारी.
उजवीकडे काहीच नाही.
तीस-पस्तीस फूट नुसतं काहीच नाही,
आणि मग खाली नदी, रोडावलेली,
वाळूत ढिवरांच्या डांगरवाड्या,
एक माणूस वेलींना ओंजळीनं पाणी घालणारा,
वरून अंगठ्याएवढा.

दरडीच्या अंगाला शेकडो भोकं.
वेडे राघू आत-बाहेर करतात.
"हे माहे भाडेकरू," कौसाबाई म्हणतात,
"पावसाळ्यात भिंतच जाते यांची,
तरी पुन्हा इथंच येऊन खोदतात.
अक्कल नाही जी."
बोलताना त्यांनी माझ्याकडे का पाहिलं, कोण जाणे.

पुढे विहीर.
एकेकाळी वावराच्या मधोमध होती, माझ्या नकाशात आहे.
आता कड्याला सोडून एकटी उभी,
विटांचा उंच नळकांडा, जसा काही
कुणी धुराडं बांधलं आणि खाली घर बांधायचं विसरलं.
विहिरीला बाहेरची बाजू असते
हे मला साठाव्या वर्षी कळलं.

फितीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या.
यंदा नऊ फूट.
मी वहीत आकडा लिहितो, जुन्यांच्या खाली.
सातबाऱ्यावर अजून दोन हेक्टर चौदा आर,
पैकी अठ्ठेचाळीस आर हवेत,
आणि शेतसारा पूर्ण.

"कुठपर्यंत होतं हो आपलं?" त्या विचारतात,
माहीत असूनही.
मी बोट करतो.
त्या बोटापलीकडे तुराटी नेतात:
तिथं बोरीचं झाड.
तिथं बैल बसायचा, उठायचाच नाही.
तिथं ह्यांनी पहिल्यांदा माझ्याशी
भांडण सोडून दुसरं काही बोललं.
सगळं पाण्यावर तीस फूट, उन्हात.
एक घार त्याच जागी गोल फिरत होती.
"पाहा, माह्या वावरात हाय," म्हणाल्या,
आणि हाकललं नाही तिला.

मग खुंटी.
नियम सांगितला मी: कडेपासून पंधरा फूट आत,
म्हणजे पुढच्या साली सापडेल.
त्यांनी दगड उचलला
आणि खुंटी अगदी काठावर ठोकली,
माती खाली सुटली, राघू उडाले.
"आत काऊन ठोकू जी?
तिलेही पाहू द्या ना खाली काय हाय ते."

परतीच्या एसटीत
मांडीवर ओल्या हरभऱ्याची पेंढी.
घाटे सोलत होतो, टरफलं वहीत ठेवत होतो.
बोटं आंबट झाली होती.
कोराडीच्या वळणावर लक्षात आलं,
फीत तिकडेच राहिली.